काळ्या मातीच्या चिखलासाठी स्वस्तातली फोर बाय फोर : पहिल्यांदाच बांधतोय (नागपूर)

पांदणवाला | १४ एप्रिल

राम राम मंडळी.

काटोल तालुक्यात आमचं साडेपाच एकर वावर आहे. तीन एकर संत्रा, बाकीच्यात कापूस आणि तूर. डांबरी सडकेपासून वावरापर्यंत दीड किलोमीटर पांदण आहे. मृगाचे दोन पाऊस पडले की ती बंद होते, ती थेट दिवाळीपर्यंत. मी नागपुरात नोकरीला, शनिवार-रविवार गावी जातो. बाबा सत्तरीचे झाले. मागच्या श्रावणात ते पांदणीत घसरून पडले, मनगट मोडलं, आणि मी त्यांना पाठीवर घेऊन सडकेपर्यंत आणलं. त्याच दिवशी ठरवलं, पुढच्या पावसाळ्याच्या आत त्या चिखलातून जाणारी गाडी दारात हवी. चिखलात गाडी चालवायची हौस लहानपणापासूनची आहे, तेही मोकळेपणानं सांगतो.

बजेट गाडी धरून ४ लाख. पाना धरता येतो, ऑईल बदलता येतं, ब्रेकचे लायनर एकदा स्वतः बदललेत. वेल्डिंग येत नाही.

तीन गाड्या पाहिल्या. एक २००४ ची एमपीएफआय (पेट्रोल) जिप्सी, जंगल सफारीतून निघालेली. दुसरी जुनी महिंद्रा एमएम ५४०. तिसरी टू व्हील ड्राइव्ह बोलेरो, अगदी चांगल्या स्थितीत. मित्रांचं म्हणणं, बोलेरो घे, उंच कर, मोठे टायर टाक, काम झालं. मला काही ते पटेना. जाणकारांनी सांगावं.

जुनीजिप्सी | १४ एप्रिल

भाऊ, तुम्हाला पटलं नाही ते बरं झालं. बोलेरो चांगली गाडी आहे, पण तुमच्या कामाची नाही. चिखलात उंचीपेक्षा दोन गोष्टी जास्त लागतात : पुढची चाकं ओढणारी हवीत, आणि लो रेंज हवी. साध्या डिफरन्शियलमध्ये (एक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा गोळा) ज्या चाकाला पकड नाही तेच फिरत राहतं. टू व्हीलमध्ये मागचं एक चाक घसरलं की खेळ संपला. फोर व्हीलमध्ये निदान पुढचं एक आणि मागचं एक ओढतं. आणि लो रेंजमध्ये इंजिन मजेत फिरत असताना चाक हळू, पण जोर लावून फिरतं, म्हणून क्लच जळत नाही. उंच केलेल्या टू व्हील गाडीचा क्लच चिखलात कसा वास मारतो ते मी जवळून पाहिलंय.

जिप्सी की ५४०? ५४० चं २.१ लिटरचं डिझेल इंजिन खालच्या आरपीएमला ओढतं, आणि डिझेल असल्यामुळे इग्निशनच्या वायरीत पाणी जायची भीती नाही. पण ती जड आहे. जिप्सी हजार किलोच्या आसपास. काळ्या मातीत हलकी गाडी म्हणजे अर्धी लढाई जिंकली. शिवाय आपल्याकडे पेंच आणि ताडोबामुळे जिप्सीचे मिस्त्री आणि सुटे भाग दोन्ही मिळतात. मी जिप्सी घेईन. सफारीतून निघालेली असेल तर नोंदणी खासगी आहे की व्यावसायिक, ते आधी बघा. लष्कराच्या लिलावातल्याही फिरत असतात, त्यात आरसी हातात असल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आता बघायला जाल तेव्हा रंगाकडे पाहू नका. एक छोटी हातोडी न्या आणि गाडीखाली झोपा. चेसिसवर, खास करून मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, हलक्या हातानं ठोकत जा. चांगलं लोखंड ठण वाजतं. आतून सडलेलं थप वाजतं आणि पोपडे गळतात. थप वाजली की उठा, चहा प्या, घरी या.

मग डिफरन्शियलचा खालचा बोल्ट थोडा सैल करून ऑईल बोटावर घ्या. पुढचं आणि मागचं, दोन्ही. मधासारखं दिसलं तर उत्तम. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे. पाणी जातं कसं, तेही सांगतो, कारण पुढे तुम्हालाच ते थांबवायचंय. चालून तापलेला एक्सल थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि वरच्या छोट्या ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या तोंडातून) बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरला रबरी नळी लावून ती बोनेटपर्यंत वर नेली की प्रश्न मिटला. चार-पाचशे रुपयांचं काम आहे, आणि चिखलाच्या गाडीत यापेक्षा मोलाचं काम मला माहीत नाही.

पैशाचं म्हणाल तर पावणेतीन लाखांत गाडी बसवा. ६० हजार ब्रेक, बेअरिंग, सील, रेडिएटर आणि होजपाइपला. ३५ हजार टायरला. १५ हजार दोरी-हुक-शॅकलला. उरलेले १५ हजार हात न लावता ठेवा, ते कुठे जातील हे गाडीच सांगेल. लाइट बार, विंच, स्नॉर्कल यातलं काहीही पहिल्या वर्षी नको.

जांभ्याची_वाट | १५ एप्रिल

रत्नागिरीहून लिहितोय. टायरबद्दल माझा अनुभव : चिखलात बारीक आणि उंच टायर घ्या. तो चिखल कापत खालच्या कडक थरापर्यंत जातो आणि तिथे पकड घेतो. रुंद टायर वरच तरंगतो आणि घसरतो. मी दहा पावसाळे याच टायरवर काढले.

वावरातला_काका | १५ एप्रिल

रत्नागिरीच्या भाऊचं बरोबर असन, पण थे त्यायच्या मातीचं. तिकडं खाली जांभा लागते, टायर कापत गेलं का त्याले टेकायले जागा भेटते. आमच्या उमरेडकडच्या काळ्या वावरात कमरेएवढं खणलं तरी काळीच निंगते. बारीक टायर गेलं तं गेलं. मंग एक्सल चिखलावर बसते अन् चारी चाकं नुसते फिरत रायते. माह्याकडं एमएम ५४० होती, सोळा वर्षं वापरली, दरसाली ट्रॅक्टरनं ओढून काढली. म्हून जिप्सीवाल्या भाऊचं मले पटते, हलकी घे.

पण पोरा, तुह्याकडं संत्रा हाय म्हंजे खाली कुठंतरी मुरूम असन. संत्र्याच्या मुळाशी पाणी थांबलं तं झाड टिकत नाई. मंग अंदाजानं टायर कायले घेतं? पहार घे अन् पांदणीत वीस-वीस पावलावर खुपसत जाय. आता उन्हाळ्यात माती दगडावानी झाली असन, तं आदल्या रोजी तिथं बादली-बादली पाणी टाकून ठेव. जिथं पहार ठणकन वाजन तिथली खोली लिहून आण. मंग टायरचं बोलू.

पांदणवाला | २१ एप्रिल

काका, तुमचं ऐकलं. शनिवारी संध्याकाळी बैलगाडीवर ड्रम नेऊन पाणी टाकलं, रविवारी सकाळी बाबा वहीत लिहीत गेले आणि मी पहार मारत गेलो. बहुतेक ठिकाणी एक ते दीड फुटावर मुरूम लागला. फक्त नाल्याच्या अलीकडे चाळीस पावलांचा पट्टा असा निघाला की साडेतीन फूट पहार गेली तरी खाली काही नाही. बाबा पडले होते ते त्याच पट्ट्यात.

जुनीजिप्सी | २१ एप्रिल

वा, ही वही जपून ठेवा. आता दोघांचंही म्हणणं तुमच्या पांदणीला लागू होतं. दीड फुटावर मुरूम आहे तिथे मध्यम रुंदीचा टायर खाली टेकेल. नाल्याजवळ मात्र तरंगत जावं लागेल, तिथे हवा कमी करणं हाच उपाय.

२१५/७५ आर १५ घ्या. हे माप बोलेरोला येतं, म्हणून नागपुरात कुठल्याही दुकानात मिळतं, आणि जिप्सीच्या जुन्या एफ ७८-१५ टायरच्या व्यासाच्या जवळपास बसतं. त्याहून मोठ्याच्या मागे लागू नका. टायर जितका मोठा तितका लो रेंजचा फायदा कमी, आणि वळताना पाट्यांना घासतो ते वेगळंच.

नक्षी मात्र मड टेरेनचीच (खास चिखलासाठीची), गाळे रुंद असलेली. आपली माती बेसॉल्टच्या झिजेतून आलेली चिकणमाती आहे, पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. ऑल टेरेन (सगळ्या रस्त्यांसाठीच्या) टायरचे अरुंद गाळे पहिल्या पन्नास पावलांत भरून जातात आणि टायर लोणी माखल्यासारखा गुळगुळीत होतो. रुंद गाळ्यातली माती चाक जरा वेगात फिरलं की उडून जाते. म्हणून लो रेंजमध्ये पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये जा. पाय ॲक्सिलरेटरवर एकसारखा ठेवा. गाडी पुढे सरकायची थांबली की त्याच क्षणी पाय काढा. थांबलेल्या गाडीचं फिरणारं चाक फक्त खड्डा खणतं.

हवा रोज २६-२८ पीएसआय, पांदणीत १६-१८. त्याखाली गेलात तर वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. बारा व्होल्टचा पंप सोबत ठेवा आणि सडकेवर येताच परत भरा.

लेथमास्तर | २२ एप्रिल

हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, असल्या गाड्यांची कामं येतात म्हणून लिहितो.

ओढायचा हुक बंपरला लावू नका. चेसिसच्या दोन्ही टोकांना १० मिलीमीटरची प्लेट आतून-बाहेरून घालून, हाय टेन्साइल बोल्टनं आरपार आवळून हुक बसवा. वेल्डिंगचीच गरज पडली तर येणाऱ्याकडून करून घ्या, आणि त्याआधी बॅटरीच्या वायरी सोडायला सांगा. रुतलेली गाडी चिखल सोडत नाही तेव्हा हुकवर येणारा ताण गाडीच्या वजनापेक्षा बराच जास्त असतो, हे ध्यानात असू द्या.

काही जण तुम्हाला दोन सल्ले देतील. एक, पाट्या एक्सलच्या वर चढवून गाडी चार-पाच इंच उचल. दुसरा, मागचं डिफरन्शियल वेल्ड करून टाक, दोन्ही चाकं एकदम फिरतील. दोन्ही सल्ले ऐकू नका. पाट्या वर चढवल्या की स्टिअरिंगचे रॉड, प्रोपेलर शाफ्टचा कोन, ब्रेकचे पाइप सगळंच बदलावं लागतं, आणि गाडी उलटायची शक्यता वाढते. वेल्ड केलेलं डिफरन्शियल डांबरी रस्त्यावर प्रत्येक वळणाला एका चाकाला फरफटत नेतं. तशा गाडीचा तुटलेला एक्सल शाफ्ट माझ्या टेबलावर अजून पडलाय. वळणावर तुटला होता, चालवणारा थोडक्यात वाचला.

मीरा_सावनेर | २४ एप्रिल

लेथमास्तरांनी तब्येतीचं सांगितलं, मी कायद्याचं सांगते. आरसीवर कंपनीचं जे वर्णन आहे त्यापेक्षा गाडी वेगळी करायला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नं मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढच्या लोखंडी बुल बारवर २०१७ पासून बंदी आहे. त्यामुळे गाडीचं रूप आहे तसंच ठेवा, आतून मजबूत करा. २००४ ची गाडी म्हणजे १५ वर्षं उलटलेली, तेव्हा पुनर्नोंदणी झाली आहे का, पर्यावरण कर भरलाय का, नवी नंबर प्लेट बसली आहे का, आणि नोंदणी एमएच ३१, ४० की ४९ ची आहे हे घेण्याआधी पाहा.

सराव स्वतःच्या वावरात करा किंवा मालकाला विचारून. पेंच, उमरेड-पवनी-कऱ्हांडला या भागात वाट दिसली म्हणून गाडी घालू नका, तो गुन्हा आहे. नाल्यातही हौसेनं खेळू नका, खालची माणसं आणि ढोरं तेच पाणी पितात.

आणि एक कळकळीची विनंती. गाडी ओढताना लोखंडी साखळी वापरू नका. साखळी तुटली की तिचा तुकडा गोळीसारखा येतो. कायनेटिक (ताणली जाणारी) दोरी घ्या, ४.७५ टन लिहिलेले दोन बो शॅकल (दोरी हुकला जोडायच्या कड्या) घ्या. दोरीच्या मधोमध ओलं पोतं टाका, म्हणजे तुटली तरी खाली पडेल. दोरीच्या लांबीच्या दीडपट अंतरात एकही माणूस नको, लहान मुलं तर अजिबात नकोत. गावात गाडी फसली की सगळं गाव गोळा होतं, म्हणून लिहिते. आधी माणसं मागे सारा, मग ट्रॅक्टरवाल्याला हात दाखवा.

पांदणवाला | १९ मे

घेतली. सफारीतली नाही, दुसरीच मिळाली. २००६ ची, एका शेतकऱ्याची, खासगी नोंदणी, कागद स्वच्छ, २ लाख ६० हजार. हातोडी घेऊन खाली झोपलो तेव्हा मालक म्हणाले, "तुम्ही पहिलेच, ज्यानं रंग नाही विचारला." चेसिस सगळीकडे ठण वाजली. मागचं ऑईल मधासारखं, पुढचं जरा काळपट पण पाणी नाही.

आतापर्यंत ब्रेक, मागचे व्हील सिलिंडर, सगळे होजपाइप, रेडिएटर बाहेर काढून सफाई, चारी टायर, लेथमास्तरांनी सांगितल्याप्रमाणे हुक. मागच्या एक्सलच्या ब्रीदरला नळी लावली. पुढच्याची राहिली, पुढच्या आठवड्यात करतो. प्लगच्या टोप्यांत सिलिकॉन ग्रीस भरलं.

पांदणवाला | १३ जुलै

पहिला मोठा पाऊस शुक्रवारी झाला, शनिवारी गेलो. मुरमाच्या भागात गाडी अशी गेली की डोळ्यांत पाणी आलं. दुसरा गिअर, लो रेंज, हवा १७. मग नाल्याजवळचा पट्टा. तिथे मी घाबरलो आणि मध्येच पाय काढला. गाडी थांबली, आणि थांबल्यावर पुन्हा जोर दिला. तुम्ही नेमकं हेच करू नका म्हणाला होता. चार सेकंदांत मागची चाकं रिमपर्यंत गेली, चेसिस चिखलावर बसली.

तासभर फावड्यानं खणलं. चाकांसमोर आणि पोटाखालून चिखल काढला. जॅक चिखलात घुसत होता म्हणून त्याच्या खाली घरचा लाकडी पाट ठेवला, चाक उचललं, आणि खाली पऱ्हाट्या आडव्या अंथरल्या, तीन थर. कापसाच्या पऱ्हाट्यांना एवढा दम असेल असं वाटलं नव्हतं. गाडी दोन हात पुढे आली आणि पुन्हा बसली. शेवटी ट्रॅक्टर बोलावला. मी मागे पोतं भिजवत होतो तेवढ्यात एकानं साखळी आणून थेट बंपरला अडकवली. ओरडून थांबवेपर्यंत बंपरचा ब्रॅकेट वाकला. मग हुकला दोरी लावली, पोतं टाकलं, मीराताई, सगळ्यांना धुऱ्याच्या पलीकडे उभं केलं. एका ओढीत निघाली.

परत येताना काटोल रोडवर ५० च्या वर स्टिअरिंग जोरात थरथरायला लागलं. वाटलं, टाय रॉड गेला. फेटरीपर्यंत जीव मुठीत धरून आलो. पुढचं ऑईलही आज पाहिलं. दुधाच्या चहासारखं.

जुनीजिप्सी | १३ जुलै

थरथरीसाठी आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. एकीकडे चिखलाचा गोळा वाळून बसला असेल, चाकाचं वजन बिघडतं. पाण्याचा जोर लावून आतून धुवा. त्यानंतरही थरथरलं तरच टाय रॉड. फोर व्हीलचा लिव्हर सडकेवर येताच काढला होता ना? डांबरावर तसंच चालवलं तर गिअरबॉक्सवर ताण साठतो.

पुढचं ऑईल आजच्या आज बदला. नवं भरून चार किलोमीटर चालवा, काढा, पुन्हा नवं भरा. आणि ती राहिलेली नळी लावा.

धुण्याचं एक. गाडी त्याच रात्री धुवायची, दमलात तरी. ही माती वाळली की विटेसारखी होते. रेडिएटरवर पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला मारा, आणि जोर कमी ठेवा, नाहीतर त्याचे पातळ पत्र्याचे पंख वाकतात. मागचे ड्रम उघडून साफ करा. लायनर आणि ड्रमच्या मध्ये चिखल राहिला तर तो सँडपेपरसारखा दोघांनाही खातो.

वावरातला_काका | १४ जुलै

पोरा, पहिल्याच पावसात एकट्यानं कायले गेला? पुढच्या टाइमाले सोबत एक गडी अन् दुसरी गाडी घेऊन जाय. अन् त्या चाळीस पावलाच्या पट्ट्याचं मनावर घे. गाडी किती बी चांगली केली तरी थे जागा तुले दरसाली धरन. ग्रामपंचायतीत जाऊन पांदण रस्त्याच्या सरकारी योजनेचं विचार, ठराव घ्यायले लाव. तोवर उन्हाळ्यात चार ट्रॉल्या बोल्डर अन् वरून मुरूम टाक. नुसता मुरूम टाकला तं काळी माती गिळून टाकते, आधी बोल्डर.

पांदणवाला | २० जुलै

रिमच्या आत खरंच मूठभर नाही, घमेलंभर माती निघाली. थरथर गेली. पुढची नळी लावली, ऑईल दोनदा बदललं. ग्रामसभेत अर्ज दिलाय.

पांदणवाला | पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

काल बाबा गाडीत पुढे बसले. मागे बैलांच्या झुली, बाशिंगं, पुरणपोळीचा डबा आणि आई. मित्राची जिप्सी मागून येत होती. नाल्याच्या पट्ट्यावर बाबांनी समोरचा दांडा घट्ट धरला, काही बोलले नाहीत. मी पाय हलवला नाही. चाळीस पावलं गेली आणि गाडी पलीकडे मुरमावर चढली, तेव्हा त्यांनी वही काढून त्या आकड्यासमोर बरोबरची खूण केली.

आता एक शंका. उजव्या पुढच्या चाकामागचा जो लोखंडी गोळा आहे, तिथून पातळ काळं ग्रीस गळतंय. फेल्ट सील (गोळ्याच्या बाहेरची नमद्याची कडी) पावसाळा संपल्यावर बदलला तर चालेल का?

जुनीजिप्सी

नाही, आताच. ग्रीस पातळ झालं म्हणजे आतला एक्सल सील गेलाय आणि डिफरन्शियलचं ऑईल त्यात मिसळतंय. बाहेरच्या फाटक्या फेल्टमधून चिखल आत गेला तर जॉइंट खराब होईल, आणि तो या दोन सीलपेक्षा कितीतरी महाग आहे. दोन्ही बाजूंचं एकदमच करून टाकू. रविवारी सकाळी ८ ला माझ्याकडे या, सील मी आणून ठेवतो. तुम्ही ग्रीसचा डबा, रॉकेल आणि जुने सुती कपडे घेऊन या.